टर्नटेबल कुरिअरने पाठवताना

म्हापशाहून बेळगावला टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं मशीन) पाठवायचा असेल, तर आधी वरची, रेकॉर्ड ठेवायची जड ताटली काढा. ती जागेवरच ठेवली तर चोर्ला घाटातल्या प्रत्येक हादऱ्याला स्पिंडलवर (मधल्या खुंटीवर) आपटते आणि बेअरिंग कामातून जातं. बाहेरगावच्या साध्या गिऱ्हाइकाला ते घरी दुरुस्त करता येत नाही.

टोनआर्मचं (सुई धरणाऱ्या दांड्याचं) मागचं वजन आणि हेडशेल (सुई बसवलेला पुढचा भाग) काढून वेगवेगळं गुंडाळा, सुईला गार्ड लावा. आर्म टेकूला मऊ कापडी पट्टीने बांधा. सेलोटेप नकोच, त्याचा डिंक मागे राहतो. ताटली फोमच्या दोन थरांत, मशीनच्या खाली सपाट ठेवा. वर ठेवलीत तर झाकण फोडेल.

खोकी दोन हवीत. दोन्हींच्या मध्ये सगळ्या बाजूंनी, तळालाही, निदान ५ सेंटिमीटर घट्ट फोम भरा. चुरगाळलेला पेपर वजनाखाली दबतो आणि आतलं खोकं फिरू लागतं. बंद केल्यावर हलवून बघा, जरा जरी खडखडलं तर पुन्हा उघडा.

जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या दमट हवेत पुठ्ठा मऊ पडतो. आतलं खोकं जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, सिलिका जेलच्या पुड्या मशीनजवळ टाका. सीरियल नंबराचा आणि पॅकिंगच्या प्रत्येक थराचा फोटो काढून ठेवा.