टॅग जोडण्याआधी विकराचे टोक पाहा

पेशीतील विकरे कोणत्या कप्प्यात जातात, या विषयावर संशोधन सुरू करणाऱ्याला सिग्नल पेप्टाइड (प्रथिनाच्या साखळीतला, त्याचा पत्ता सांगणारा तुकडा) आणि त्यासाठी गुंटर ब्लोबेल यांना १९९९ मध्ये मिळालेले नोबेल पाठ असते. घोडे अडते ते पहिला प्लाझ्मिड (जनुक पेशीत नेणारे डीएनएचे कडे) बनवताना.

पेरॉक्सिसोम या पेशीतल्या छोट्या कप्प्यात जाणाऱ्या बहुतेक विकरांचा पत्ता साखळीच्या अगदी शेवटी, कार्बॉक्सिल टोकाला असतो: सेरिन, लायसिन, ल्युसिन किंवा त्यांच्याशी मिळतीजुळती तीन अमिनो आम्ले. काजव्याच्या ल्युसिफरेजवर १९८० च्या दशकात झालेल्या कामातून ही खूण उलगडली. ती ओळखणाऱ्या पेक्स-५ या प्रथिनाला ही तीन आम्ले शेवटचीच लागतात. त्यांच्यापुढे एखादे शेपूट जोडले, तर ती असून नसल्यासारखी होतात. आता प्रयोगशाळेत काय घडते पाहा. सिनियर फ्रीझरमधून तयार व्हेक्टर (आपले जनुक बसवायचा प्लाझ्मिड) काढून देतात, त्यात जीएफपी हे हिरवे चमकणारे टॅग-प्रथिन शेवटी असते, म्हणून आपण रिव्हर्स प्रायमरमधून स्टॉप कोडॉन (साखळी थांबवणारा संकेत) वगळतो. क्लोनिंग व्यवस्थित होते, सिक्वेन्सिंगही निर्दोष येते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक हिरव्या ठिपक्यांऐवजी सगळी पेशी एकसारखी हिरवी दिसते. यावरून ‘हे विकर पेशीद्रवातच राहते’ असे लिहिणे साफ चूक आहे. इथे जीएफपी अमिनो टोकाला, म्हणजे साखळीच्या सुरुवातीला, जोडावे. मायटोकॉन्ड्रियाचे नेमके उलटे: तिथला पत्ता बहुधा अमिनो टोकाला असतो, म्हणून टॅग शेवटी. हा नियम मला कोणी सांगितला नव्हता, याचा राग अजून गेलेला नाही.

संगणकीय अंदाजावर विसंबण्याचा शॉर्टकट मला मुळीच पसंत नाही. टार्गेट-पी हा अमिनो आम्लांच्या क्रमावरून कप्पा सांगणारा प्रोग्राम पेरॉक्सिसोमचा विचारच करत नाही. लायसोसोमच्या बहुतेक विकरांची खूण तर गॉल्जीत चढवलेले मॅनोज-६-फॉस्फेट (साखरेचे एक रूप) असते. ते साखळीतल्या एखाद्या सलग तुकड्यावरून वाचता येत नाही. आय-सेल रोगात ते चढवणारे विकरच निकामी असते आणि लायसोसोमची विकरे पेशीबाहेर, रक्तात जातात.

यात घाबरण्यासारखे काही नाही. दोन्ही टोकांचे दोन प्लाझ्मिड आणि सोबत पेरॉक्सिसोमची जागा दाखवणारे कॅटलेजविरोधी प्रतिपिंडाचे कंट्रोल एवढ्यावर बहुतेक गोंधळ मिटतो. चित्र सुंदर आले म्हणून खूश होणाऱ्या गाईडपेक्षा कंट्रोल मागणारा गाईड पत्करावा, भले तो खडूस असो.

केवळ क्रियाशीलता मोजूनही भागत नाही. प्राथमिक हायपरऑक्झॅलुरिया या आनुवंशिक आजाराच्या पहिल्या प्रकारात काही रुग्णांच्या यकृतात एजीटी हे विकर चांगले काम करत असते, पण दोन अमिनो आम्लांच्या बदलांमुळे ते पेरॉक्सिसोमऐवजी मायटोकॉन्ड्रियात जाते. पेरॉक्सिसोममधल्या ग्लायऑक्सिलेटपर्यंत ते पोहोचतच नाही, त्याचे ऑक्झॅलेट बनते आणि मूत्रपिंडात खडे होतात. अशा यकृताचा नमुना वाटून नुसती क्रियाशीलता मोजली, तर विकर हजर दिसते. ते चुकीच्या जागी आहे हे कळण्यासाठी कप्पे सेंट्रिफ्यूजवर वेगळे करूनच मोजावे लागते.