पोटुशी बाईचा दात दुखला तर

‘पोटुशी असताना दातांक हात लावूचो नाय’ असं देवगड-मालवणकडे अजून घरोघरी सांगतात. मी उपकेंद्रावर नर्स आहे, आणि माझं सांगणं नेमकं उलटं आहे: बायांनो, दातदुखी अंगावर काढू नका. किडलेल्या दाताखाली पू झाला की ताप येतो, गाल सुजतो, जेवण तुटतं. बाळंतपणापर्यंत ते सोसण्यापेक्षा इलाज केलेला कधीही बरा.

चौथा ते सहावा महिना त्यासाठी सगळ्यात सोयीचा. आधी मळमळ असते, नंतर खुर्चीत पडवत नाही. पण ठणका लागला किंवा सूज आली तर महिने मोजत बसू नका, त्याच दिवशी जा. माता-बाल कार्ड सोबत न्या. कितवा महिना, बीपी-साखर आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे खुर्चीत बसण्याआधीच सांगा. दिवस राहिल्याचं घरात अजून कुणाला सांगितलं नसलं, तरी डॉक्टरांपासून लपवू नका.

बधिर करायचं लिग्नोकेनचं इंजेक्शन चालतं. दात साफ करणं, भरणं, रूट कॅनल, गरज पडली तर काढणंही चालतं. फक्त चांदी भरू नये, तिच्यात पारा असतो; दाताच्या रंगाचं मटेरियल भरायला सांगा. एक्स-रे लागलाच तर शिशाचा ॲप्रन मागून घ्या. किरण तोंडापुरते असतात, पोटापर्यंत पोचतात ते नगण्य. दात पांढरे करून घ्यायची हौस मात्र बाळंतपणानंतर.

पोट मोठं झाल्यावर उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो, डोळ्यापुढे अंधारी येते, दरदरून घाम फुटतो. म्हणून उजव्या कुल्ल्याखाली चादरीची घडी ठेवायला सांगा, म्हणजे अंग डावीकडे कलतं. तोंडात नळी असताना बोलता येत नाही. त्रास झाला तर डावा हात वर करीन, हे डॉक्टरांशी आधीच ठरवा.

दुखण्यावर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नका. विसाव्या आठवड्यानंतर तर बाळाच्या किडनीला त्यांचा धोका असतो. पू-सुजेवरच्या अँटिबायोटिक गोळ्यांपैकी टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन नकोच, बाळाचे दात डागाळतात. अमॉक्सिसिलिन चालतं, पण डॉक्टरांनी लिहून दिलं तरच.

हिरड्यांतून रक्त आलं की पुष्कळ जणी ब्रशच बंद करतात. हॉर्मोन्समुळे हिरड्या हळव्या होतात हे खरं, पण घाण साचली की रक्त आणखी वाढतं. मऊ ब्रशने दोन वेळा घासा. उलटी झाल्यावर लगेच घासू नका, आंबटाने दाताचा वरचा थर नरम झालेला असतो. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरा, अर्ध्या तासाने ब्रश करा.

आणि मिश्री. दुखऱ्या दातावर ती दाबून ठेवायला घरातली मोठी माणसं मायेनेच सांगतात, पण तो भाजलेला तंबाखूच. त्यातलं निकोटिन हिरडीतून रक्तात आणि रक्तातून बाळाकडे जातं, बाळ वजनाला कमी भरतं. सासूबाईंनी डबी पुढे केली तर माझं नाव सांगा, मी येऊन बोलते त्यांच्याशी.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून ती चालू आहे. त्या दिवशी पोटाबरोबर दातही दाखवा, आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दातांचे डॉक्टर कुठल्या वारी बसतात ते तिथेच विचारून घ्या.