पहिली-दुसरीचा वर्ग हाती घेताना

नव्याने रुजू झालेल्या आणि पहिली-दुसरीचा वर्ग वाट्याला आलेल्या शिक्षकांसाठी हे लिहीत आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते. शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात आणि चार इयत्ता दोघांत वाटून घ्याव्या लागतात. म्हणून पहिली आणि दुसरी शेजारी शेजारी बसणारा जोडवर्ग हाच आपल्यापैकी पुष्कळांचा खरा वर्ग असतो. डी.एड.ला पाठ टाचण काढायला शिकवतात, अध्यापनाच्या पद्धती शिकवतात, परंतु सहा वर्षांचे मूल चुकते तेव्हा त्याने नेमका काय विचार केलेला असतो, हे वर्गात बसल्यावरच कळू लागते. या वर्गातले निम्मे शिकवणे म्हणजे चुका नीट वाचणे, असे माझे मत झाले आहे.

पहिल्या वर्षी मी दुसऱ्याच दिवशी फळ्यावर ‘अ’ काढला आणि मुलांना गिरवायला लावला. महिनाभरात पाट्या भरू लागल्या, पालकही समाधानी होते. मग एकदा एका मुलीच्या मागे उभी राहिले, तर ती ‘अ’ची उभी रेघ आधी ओढून उरलेला आकार तिला चिकटवत होती. अक्षर सुबक होते, पण तिच्या दृष्टीने ते चित्र होते. त्याला आवाज असतो हे मी तिला सांगितलेच नव्हते. तेव्हापासून पहिले तीन-चार आठवडे मी अक्षराला हात लावत नाही. त्या दिवसांत मुले बडबडगीते म्हणतात, मातीचे गोळे आणि साप करतात, चिंचोके आणि बिया वेगवेगळ्या करतात, पाटीवर ठिपके जोडतात आणि मुख्य म्हणजे बोलतात. बोटांत बळ आल्याशिवाय पेन्सिल नीट धरता येत नाही, आणि बोलण्याची भीड चेपल्याशिवाय मूल आपली अडचण सांगत नाही.

त्या बोलण्याबद्दल एक कळकळीची विनंती आहे. आमच्याकडचे मूल ‘मले पानी पाह्यजे’ म्हणते. त्याला लगेच ‘मला पाणी पाहिजे म्हण’ असे दटावले, तर ते पुढच्या वेळी पाणी मागतच नाही. मी त्याला पाणी देते आणि सहज म्हणते, ‘तुला पाणी पाहिजे का, घे.’ पुस्तकातली भाषा कानावर पडत राहिली की वर्षभरात ती आपोआप जिभेवर येते. घरची भाषा पुसून टाकण्याची गरज पडत नाही.

वाचनात ज्या चुका होतात, त्यांतील बहुतेकांना कारण असते. ‘क’, ‘म’, ‘ळ’ ही अक्षरे मूल सुटी ओळखते, पण प्रत्येकातला ‘अ’ पूर्ण उच्चारत गेल्यामुळे त्यातून ‘कमळ’ उभे राहत नाही. अशा वेळी अक्षरे पुन्हा घोकून घेण्याचा उपयोग नसतो; तोंडी शब्द तोडण्याचे आणि जोडण्याचे खेळ घ्यावे लागतात. ऱ्हस्व वेलांटीचेही तसेच आहे. ‘कि’ म्हणताना आधी ‘क’ ऐकू येतो आणि मग ‘इ’, परंतु लिहिताना वेलांटी अक्षराच्या आधी येते; त्यामुळे जे मूल ती अक्षराच्या पुढे काढते, त्याने आवाज अगदी बरोबर ऐकलेला असतो. त्याला आधी तेवढे सांगावे, मग वेलांटीची जागा दाखवावी. चित्र पाहून पाठ झालेले पान घडाघडा म्हणणाऱ्या मुलाचे बोट मात्र शब्दाशब्दावर ठेवून पाहा. बोट आणि तोंड कुठे वेगळे होतात, तिथून त्याचे वाचन सुरू करायचे असते.

गणितात मला सर्वांत जास्त शिकवले ते संख्यानामांनी. मराठीत ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी येतो आणि साठ नंतर, म्हणून कित्येक मुले ऐकल्या क्रमाने ३६ लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ अशी मांडणी आली, तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला. रूढ नावे टिकली पाहिजेत असे मलाही वाटते, परंतु त्या बदलामागची अडचण खरी होती, हे ज्यांनी हा वर्ग शिकवला त्यांना ठाऊक आहे.

दुसरीतल्या एका मुलाने ‘एकोणपन्नास’ ऐकून पाटीवर ५१ लिहिले. मी कारण विचारले तर तो म्हणाला, ‘एक अन् पन्नास, मॅडम.’ मी त्याला खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे दिले आणि ‘एकोण म्हणजे एक उणा, यातली एक काडी मला दे’ असे सांगितले. एकही काडी सुटी नव्हती. तो थोडा वेळ गठ्ठ्यांकडे पाहत राहिला, मग त्याने एका गठ्ठ्याचे रबर काढले, एक काडी माझ्या हातावर ठेवली आणि उरलेल्या मोजल्या. चार गठ्ठे आणि नऊ सुट्या. मी काही बोलण्याआधी त्याने पाटी पुसली. पुढे हातच्याची वजाबाकी आली, तेव्हा त्याला गठ्ठा का सोडायचा हे वेगळे समजवावे लागले नाही.

पहिलीत याच्याही आधीची पायरी असते. मूल दहा चिंचोके ‘एक, दोन, तीन’ करत मोजते. ‘मग किती झाले?’ असे विचारल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजू लागते. शेवटी उच्चारलेला अंक हाच सगळ्यांचा आकडा, हे त्याला अजून उमगलेले नसते. ते उमगेपर्यंत बेरजेची चिन्हे फळ्यावर आणू नयेत.

परिपाठ, हात धुऊन पंगतीत बसणे, पोषण आहाराची खिचडी, आपले ताट आपण घासणे यांतूनही मुले शिकतच असतात आणि त्या गोष्टी तुम्हाला दोन आठवड्यांत जमतील. नोंदवह्या आणि ऑनलाइन माहिती भरण्याचे काम मात्र वर्गाच्या वेळेत शिरू देऊ नका. त्याऐवजी एक साधी वही जवळ ठेवा आणि रोज दोन-तीन मुलांच्या चुका जशाच्या तशा, तारखेसह उतरवून घ्या. निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झाल्यापासून तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि पायाभूत गणित यावे हे उद्दिष्ट आपल्यापुढे आहे. कोणते मूल कुठे अडले आहे, याचे उत्तर मला तरी गुणांच्या तक्त्यापेक्षा या वहीत लवकर सापडते.

कापूस वेचणीच्या दिवसांत या वहीचा सर्वाधिक उपयोग होतो. दिवाळीनंतर आमच्या वर्गातली काही मुले आठवडेच्या आठवडे येत नाहीत. कोणी आईबरोबर शेतात असते, कोणी घरी धाकट्याला सांभाळते. असे मूल परत आले की वर्ग ज्या पानावर असेल ते पान त्याच्यापुढे उघडू नका. त्याची शेवटची नोंद काढा, काड्यांचा डबा त्याच्यापुढे ठेवा आणि शेजारी बसून ते कुठपर्यंत मोजते ते पाहा.