सायकल सापडली म्हणून खटला सोडू नका : चोराला शिक्षा होईपर्यंत या चुका टाळा

सायकल चोरीला गेली की ग्रुपवर फोटो फिरतात, मित्र जुन्या बाजारात चकरा मारतात, आणि नशिबाने सायकल मिळाली की सगळे सुटकेचा श्वास सोडतात. चोरावरची केस मात्र तेव्हा कुठे सुरू झालेली असते. पुढे फिर्यादीच कोर्टात फिरकत नाही आणि आरोपी सुटतो.

पहिल्या शिक्षेला फार महत्त्व आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) प्रमाणे चोरीला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तोच माणूस दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान १ वर्ष आणि कमाल ५ वर्षं सक्तमजुरी आहे. पण पहिल्यांदा कुणी शेवटपर्यंत केस लढवलीच नसेल तर दहावी सायकल चोरतानाही तो कायद्याच्या नजरेत नवखाच राहतो. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, खटला मध्येच सोडू नका.

फिर्यादीतच घात होतो

बहुतेक केसेस इथेच कच्च्या राहतात. ठाणे अंमलदार विचारतात, ‘कशी होती सायकल?’ आपण सांगतो, ‘काळी, गिअरची.’ मग कागदावर येतं, ‘एक काळ्या रंगाची सायकल, जु.वा.किं.अं. ४,०००/-’. जुनी वापरती, किंमत अंदाजे. या आकड्याने फार मोठा फरक पडतो. ५,००० रुपयांच्या आतली चोरी आता अदखलपात्र आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. चाळीस हजारांची सायकल दोन वर्षं वापरली म्हणून ती चार हजारांची होत नाही. बिल न्या. ते हरवलं असेल तर दुकानदाराकडून दुसरी प्रत घ्या, नाहीतर बँकेतला व्यवहार दाखवा. किंमत फुगवूनही सांगू नका, उलटतपासणीत ते अंगाशी येतं.

दुसरी गोष्ट फ्रेम नंबरची. आजच सायकल उलटी करा आणि पॅडलचा आस जिथून जातो त्या नळीचा खालचा भाग ओल्या फडक्याने पुसा. चिखल आणि ग्रीसच्या थराखाली कोरलेली अक्षरं आणि आकडे दिसतील. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून फोटो काढा, म्हणजे कोरीव नीट उठून दिसतं. हा नंबर फिर्यादीत आलाच पाहिजे. सही करण्याआधी फिर्याद पूर्ण वाचा. तिची प्रत मोफत मिळते, तो तुमचा हक्क आहे.

तपास चालू असताना

सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज आपल्या मोबाइलवर शूट करून ठेवलं की काम झालं, असा समज आहे. तो चुकीचा आहे. डीव्हीआरवर (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रावर) नवं रेकॉर्डिंग जुन्यावर चढत जातं, म्हणून चेअरमनना लगेच लेखी पत्र देऊन मूळ फुटेज जपायला सांगा आणि तपासी अंमलदारांनाही तसं लेखी कळवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं प्रमाणपत्र जोडलेलं नसेल तर ते फुटेज कोर्टात टिकणं अवघड.

संशयिताचा चेहरा सगळीकडे व्हायरल करण्याची घाईही महागात पडते. ज्या वॉचमनने त्याला पाहिलं, त्याच्याच मोबाइलवर तो फोटो आधी पोचला तर ओळख परेडला (रांगेत उभ्या केलेल्या लोकांतून साक्षीदाराने संशयिताला ओळखण्याला) अर्थ उरत नाही. आरोपी अल्पवयीन असेल तर त्याची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे, आणि त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालतं. मारहाणीचा तर विचारही नको.

तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत तुम्हाला कळवायचं असतं. नाही कळवलं तर लेखी विचारा. ‘अ समरी’ची नोटीस आली तर घाबरू नका. गुन्हा खरा आहे पण आरोपी मिळाला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुढे चोर सापडला की तपास पुन्हा उघडता येतो.

सायकल सुपूर्दनाम्यावर मिळाली, आता पुढे?

जप्त सायकल पोलीस ठाण्याच्या आवारात गंजू देऊ नका. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की पंचनामा करून, फोटो काढून, बंधपत्र (अटी पाळण्याची लेखी हमी) घेऊन मुद्देमाल, म्हणजे जप्त वस्तू, मालकाला लवकर परत द्यावा. त्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागतो. अर्ज मंजूर झाला की सायकल सुपूर्दनाम्यावर मिळते, म्हणजे खटला संपेपर्यंत ती कोर्टाच्या अटींवर तुमच्याकडे असते. कोर्टाची परवानगी न घेता ती विकणं, रंग बदलणं, फ्रेम बदलणं टाळा.

तारखा विसरू नका. प्रकरणाचा सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याची स्वतंत्र ओळख) मिळवा, कोर्टांच्या ई-कोर्ट्स या अ‍ॅपवर पुढची तारीख दिसते. क्रमांक माहीत नसेल तर पोलीस ठाणं, गुन्हा नंबर आणि वर्ष टाकूनही शोधता येतं. घर किंवा मोबाइल बदलला तर पोलिसांना कळवा, नाहीतर समन्स जुन्या पत्त्यावरून परत जातं आणि फिर्यादी मिळून येत नाही असा शेरा पडतो.

साक्षीच्या दिवशी सरकारी वकिलांना आधी भेटा, आपली फिर्याद पुन्हा वाचा. बचावाचे वकील विचारणारच, ‘अशा सायकली बाजारात हजारो मिळतात, हे खरं आहे का?’ खरं आहे म्हणा. पण या नंबरची एकच आहे, हेही सांगा. इथे तो फ्रेम नंबर कामी येतो. मित्रांनी पाठिंबा द्यायला जरूर यावं, कोर्ट सर्वांना खुलं असतं. फक्त ज्याची साक्ष व्हायची आहे त्याने आत बसून दुसऱ्याची साक्ष ऐकू नये, बाहेर थांबावं.

चोरीच्या गुन्ह्यात मालकाला तडजोड करता येते, त्यामुळे आरोपीचे नातेवाईक घरी येतील, रडतील. पोरगा कोवळा असेल, पहिलीच वेळ असेल तर माफ करायचं की नाही हे तुम्ही ठरवा, पण दारात उभ्या उभ्या कसल्याही कागदावर सही करू नका.

निकाल लागला की आदेशातला मुद्देमालाचा परिच्छेद तपासा. सायकल कायमची तुमच्याकडे ठेवण्याचा आणि बंधपत्र रद्द करण्याचा उल्लेख त्यात हवा. आरोपी सुटला असेल तर पीडित म्हणून तुम्हालाही अपील करता येतं. मुदत निघून जायच्या आत निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज टाका.