अंगणवाडीच्या आहाराचा दर वाढवून मागायचाय? आधी वही काढा

तासगाव तालुक्यातल्या एका गावात आमचा बचत गट अंगणवाडीला गरम ताजा आहार शिजवून देतो. ‘आठ रुपयांत परवडत नाही’ हे रडगाणं आम्ही दोन वर्षं मुख्यसेविकाबाईंपुढं, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख ठेवणाऱ्या बाईंपुढं, गायलो. चूक आमचीच. दर त्यांच्या हातात नाहीच.

सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलामागं दिवसाला ८ रुपये, हा खर्चाचा मानदंड केंद्रानं २०१७ मध्ये ठरवला. त्याआधी ६ होता. अर्धा पैसा केंद्राचा, अर्धा राज्याचा. अन्न सुरक्षा कायदा २०१३ सालचा; त्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ठरलं होतं; हे आकडे २०२३ मध्ये सुधारले, अर्जात सुधारित आकडेच घाला. कायद्यात ताट लिहिलंय, रुपये नाहीत. आपली मागणी उभी राहते ती इथंच. आठातले गटाच्या पदरात किती पडतात, ते मात्र आपापल्या करारनाम्यात वाचा.

मग वही. एक महिना, रोजच्या रोज, त्याच दिवशी लिहायचं. दुकानदाराकडून पक्की पावती. भाजीवाली पावती देत नाही, तिथं तारीख आणि वजन तरी टिपा. आमच्या एका महिन्याचं सांगते, पूर्ण आठ रुपये धरून: सरासरी २६ मुलं, २५ दिवस, म्हणजे ५,२०० रुपये. किराणा २,९००, भाजी ७००, गॅस ९५०, दळण आणि रिक्षा २५०. उरले ४००. शिजवणाऱ्या आम्ही दोघी, म्हणजे बाईमागं दिवसाला आठ रुपये. एका पोराच्या ताटाएवढीच मजुरी! द्राक्षबागेत विरळणीला गेलेल्या बाईला हे सांगितलं तर ती हसेल.

हजेरी रोज ताडून घ्या. पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींच्या मोबाइल ॲपवर, सेविकाताईंनी भरलेला आकडा आणि आपल्या वहीतला आकडा एक हवा. गेल्या श्रावणात रेंज नव्हती, चार दिवसांची हजेरी चढलीच नाही, आणि बिल तेवढंच कमी आलं. जेवण मात्र पोरांच्या पोटात गेलं होतं.

बिल उशिरा मिळणं हे वेगळं दुखणं, ते दराच्या अर्जात मिसळू नका. त्यासाठी माहितीचा अधिकार: १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून जनमाहिती अधिकाऱ्यांना विचारायचं, आमच्या बिलाचा निधी कोणत्या तारखेला आला, बिल पुढं कधी गेलं. ‘बिल का देत नाही’ असं विचारू नका, तारखा मागा. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते.

दराचा अर्ज आमदारांना. एका पानात, पहिल्याच ओळीत मागणी, मागं वहीचा गोषवारा. तोंडी ‘बघा साहेब’ नको. विधिमंडळात तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री तोंडी उत्तर देतात) किंवा लक्षवेधी सूचना मांडा, असं स्पष्ट लिहा. मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागतं. अधिवेशन सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही, प्रश्न आधीच द्यावे लागतात. नागपूरचं हिवाळी अधिवेशन डिसेंबरात, म्हणजे दिवाळीच्या फराळाआधीच अर्ज पोचलेला बरा. केंद्राचा अर्धा वाटा असल्यानं खासदारांनाही प्रत द्या. आणि एक ओळ न विसरता घाला: राज्याला स्वतःच्या तिजोरीतून भर घालता येते. मिरजेपलीकडं कर्नाटकात अंगणवाडीतल्या पोरांना अंडी मिळतात, हे आमच्याकडच्या लेकी-सुना डोळ्यांनी बघून येतात.

कुणी ‘एवढं झेपत नसेल तर ठेकेदाराला देऊ’ म्हणालं तर घाबरू नका. या आहारात ठेकेदार नको, बचत गटांना प्राधान्य द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्येच सांगितलंय.

प्रत्येक प्रतीवर शिक्का-सहीची पोच घ्या. आमचा पहिला अर्ज ‘अभिप्रायासाठी’ म्हणून फिरत फिरत तालुक्यालाच परत आला. आम्ही त्या पत्राची झेरॉक्स फाईलला लावली, आणि तीच फाईल घेऊन दुसऱ्यांदा गेलो.