जुन्या मराठी रेकॉर्डवरून बूम-बॅप बीट कसा बांधायचा

बूम-बॅप म्हणजे किक (जड ड्रम) आणि स्नेअर (कडक ड्रम) यांच्या ठोक्यांवर उभी असलेली हिप-हॉपची शैली. न्यूयॉर्कच्या बूम-बॅपचा खरखरीत आवाज मशीनच्या मर्यादेतून आला. १९८७ सालच्या एसपी-१२०० या सॅम्पलर मशीनमध्ये जेमतेम दहा सेकंदांचं सॅम्पल (रेकॉर्डवरून उचललेला तुकडा) मावायचं, १२ बिट, २६.०४ किलोहर्ट्झ. म्हणून जागा वाचवायला ३३ची एलपी ४५च्या वेगाने फिरवून रेकॉर्ड करायचं आणि मशीनमध्ये वेग आणि सूर खाली उतरवायचा. लॅपटॉपवरही क्रम हाच ठेवा: ४५वर रेकॉर्ड, मग १२ बिट-२६ किलोहर्ट्झ, मग ५.२ सेमीटोन (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) खाली. टाइम-स्ट्रेच (सूर न बदलता लांबी बदलणारी सोय) बंद. बिटक्रशर (आवाज मुद्दाम खरखरीत करणारा इफेक्ट) शेवटी लावला तर ती धार येत नाही.

रेकॉर्डसाठी पुण्यातला बुधवार-रविवारचा जुना बाजार धुंडाळा. तबकडी उन्हात तिरकी धरा. नख अडकेल असा चरा असेल तर सोडून द्या, बारीक रेघा चालतात. ७८च्या लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. मोनो रेकॉर्ड असेल तर दोन्ही चॅनल एकत्र करा, खरखर बरीच कमी होते.

गायकाचा आवाज उचलण्याचा मोह टाळा. खरा माल मुखडा आणि अंतरा यांच्यामधल्या म्युझिकमध्ये असतो: व्हायोलिनचे दोन सूर, क्लॅरिनेटची एखादी हरकत. केरव्याच्या आठ मात्रा ४/४ मध्ये सरळ बसतात. दादरा किंवा रूपक असेल तर तुकडे करून नव्याने मांडावं लागतं.

बहुतेक बीट फसतात ते सा मुळे. रेकॉर्डचा वेग बदलला की सा दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी जाऊन बसतो आणि वर घातलेला बेस बेसूर लागतो. त्यामुळे सॅम्पल खाली उतरवून झाल्यावर तंबोऱ्याच्या किंवा लांबवलेल्या शेवटच्या सुरावर ट्यूनर लावा. काळी दोनपेक्षा २० सेंट (सेमीटोनचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) वर दिसलं, तर बेसही २० सेंट चढवा. बेस सा आणि पंचमावरच ठेवा. मेजर-मायनर कॉर्ड रचायला गेलात की रागातल्या कोमल सुरांशी भांडण होतं.

९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) एक बार (चार ठोके) २.६७ सेकंदांचा. वादक क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठोक्यावर) वाजवत नसत, लय हलते. म्हणून अख्खा लूप ताणू नका. आठ ते सोळा तुकडे करून पॅडवर हाताने वाजवा. तुकडा लहर शून्यावर असताना कापा, नाहीतर टक् ऐकू येतं.

ढोलकीचा घुमारा किकवर आदळतो. सॅम्पलमधून १५० हर्ट्झखालचं काढून टाका. स्नेअर दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर, त्याखाली त्याच रेकॉर्डमधली ढोलकीची थाप हलकीशी. स्विंग (एकाआड एक ठोका किंचित उशिरा पाडणं) ५४ ते ५८ टक्के, फक्त हाय-हॅटला (ड्रमसेटमधली झांज); किक हाताने वाजवून तशीच सोडा.

प्रकाशित करणार असाल तर हक्क तपासा. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. कवी आणि संगीतकाराचा मात्र त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. रेकॉर्ड मोकळी झाली तरी चाल मोकळी नसू शकते.