जुनी लक्झरी गाडी घेताना आधी इंजिनचा कोड विचारा, बॅज नंतर बघा

दहा वर्षं वापरलेली मर्सिडीज ई-क्लास किंवा बीएमडब्ल्यू फाइव्ह सिरीज आज नव्या क्रेटाच्या पैशात मिळते, कधी त्याहूनही कमीत. माझं पुण्यात गॅरेज आहे. काम मुख्यतः जर्मन गाड्यांचं, आणि त्यातही "घ्यायच्या आधी एकदा बघून द्या" म्हणून येणारे बरेच. हे लोक उद्योगपती नसतात. कुणी आयुष्यभर बँकेत नोकरी केलेलं असतं, कुणाची मुलं मार्गी लागलेली असतात आणि आता एक हौस पुरी करायची असते. त्या हौसेपोटी साठवलेले पैसे वाया जाऊ नयेत, एवढ्यासाठी हे लिहितोय.

सगळ्यात आधी हिशेब. गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. साठ लाखांची गाडी तुम्ही बारा लाखांत घेतली तरी तिचा एअर सस्पेन्शनचा स्ट्रट (स्प्रिंगऐवजी हवेवर गाडी तोलणारा खांब) साठ लाखांच्या गाडीचाच राहतो आणि एकेक लाखाच्या पुढे जाऊ शकतो. रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणाऱ्या टायरचा चारचा सेट सहज ऐंशी हजार ते लाख. म्हणून माझा नियम असा, की बारा लाख हातात असतील तर नऊ-साडेनऊची गाडी बघा. उरलेले पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा आणि त्यांना हात लावू नका. ज्यांच्याकडे हा राखीव पैसा नाही त्यांना मी सरळ सांगतो, थोडं थांबा, घाई करू नका.

आता विश्वासार्हतेचं. "बीएमडब्ल्यू चांगली की मर्सिडीज?" हा प्रश्न मला रोज येतो आणि त्याला उत्तर नाही, कारण एकाच कंपनीचं एक इंजिन तीन लाख किलोमीटर निमूट चालतं आणि दुसरं ऐंशी हजारांवर उघडावं लागतं. म्हणून मॉडेलचं वर्ष आणि इंजिनचा कोड, म्हणजे कंपनीने त्या इंजिनला दिलेलं नाव, विचारा. विकणाऱ्याला तो माहीत नसला तर चेसिस नंबरवरून सर्व्हिस सेंटर सांगतं.

उदाहरणं घ्या. बीएमडब्ल्यूच्या ३२०डी आणि ५२०डी मध्ये जे एन ४७ डिझेल इंजिन होतं, त्याची टायमिंग चेन (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची हालचाल जुळवून ठेवणारी साखळी) इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सला लागून आहे. २००७ ते २०११च्या आसपासच्या इंजिनांत ती झिजण्याची तक्रार जगभर झाली. काम करायचं तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. चेन तुटली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि मग प्रश्न इंजिनचाच होतो. नंतर आलेलं बी ४७ त्या मानाने खूप सुधारलेलं, त्यामुळे दोन्हींत निवड असेल तर बी ४७ साठी लाख-दीड लाख जास्त द्यायला मी हो म्हणतो. पेट्रोलमध्ये ३२८आय-५२८आयच्या एन २० इंजिनच्या चेनचे प्लास्टिकचे गाइड (साखळीला वाट देणाऱ्या पट्ट्या) कमजोर होते. २०१५च्या आधीची गाडी असेल तर ते बदलल्याचं बिल मागा.

ऑडी ए४ चं जुनं १.८ टीएफएसआय (ईए ८८८ची दुसरी पिढी) ऑइल पितं. कारण पिस्टनच्या रिंगा. मालकाला सरळ विचारा, "दोन सर्व्हिसच्या मध्ये ऑइल टॉप-अप करावं लागतं का?" आणि उत्तर देताना तो किती वेळ घेतो ते बघा. मर्सिडीजच्या ओएम ६५१ डिझेलच्या सुरुवातीच्या गाड्यांत इंजेक्टर (डिझेल फवारणारे भाग) खराब व्हायचे. पुढच्या वर्षांत ते बदलले गेले आणि २०१३ नंतरची ई २५० सीडीआय नीट ठेवलेली मिळाली तर मी ती माझ्या भावालाही घ्यायला सांगेन. मर्सिडीजच्या जुन्या एम २७१ पेट्रोलमध्ये चेन आणि कॅमशाफ्टचे ॲडजस्टर (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारे भाग) तपासावे लागतात. ज्यांना कटकटच नको त्यांनी लेक्सस ईएस ३००एच शोधावी. लेक्सस भारतात २०१७ला आली, त्यामुळे जुन्या बाजारात गाड्या कमी आणि भाव चढे. पण आत टोयोटाची हायब्रिड आहे आणि ती उगाच दगा देत नाही. रेंज रोव्हर वॉरंटीबाहेरची घ्यायची असेल तर राखीव रक्कम दुप्पट धरा. मी तिच्या विरोधात नाही, गाडी अप्रतिम आहे, पण एअर सस्पेन्शन, टर्बो आणि इलेक्ट्रॉनिक्स तिन्ही एकदम म्हातारी होतात.

कमी रनिंगवर भाळू नका

"दहा वर्षांत फक्त तीस हजार चालली आहे" असं ऐकलं की लोकांचे डोळे चमकतात. मला मात्र तिथेच शंका येते. उभ्या गाडीचे रबराचे सील कडक होतात, टायर चपटतात, बॅटरी मरते, ब्रेक फ्लुइड पाणी शोषून घेतं. वर्षाला दहा-बारा हजार चाललेली, वेळेवर ऑइल बदललेली हायवेची गाडी त्याहून कितीतरी बरी.

ड्रायव्हरवाल्या गाड्यांचं एक वेगळंच आहे. साहेब मुंबईत बीकेसीतल्या ऑफिसात मीटिंगला, आणि खाली ड्रायव्हर एसी लावून चार तास गाडीत. मीटर हलत नाही, इंजिन मात्र चालूच. अशी गाडी मागच्या सीटवरून ओळखू येते, कारण तिथलं लेदर पुढच्या सीटपेक्षा जास्त वापरलेलं असतं. काही मॉडेलमध्ये स्कॅनरवर (गाडीचे कॉम्प्युटर वाचणाऱ्या यंत्रावर) इंजिन किती तास चाललं तेही दिसतं, ते बघून घ्या. कंपनीच्या नावावर असलेल्या गाड्यांची जमेची बाजू म्हणजे सर्व्हिसचा खर्च कंपनीच्या खात्यात टाकलेला असतो, त्यामुळे बिलं पूर्ण मिळतात.

मीटर मागे केलंय का, हे ओडोमीटर बघून कळत नाही. रनिंग गाडीत एकापेक्षा जास्त ठिकाणी साठवलेलं असतं. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच मॉडेलमध्ये किल्लीतही चेसिस नंबर आणि किलोमीटर असतात. मीटर फिरवणारा सगळीकडे पोचतोच असं नाही. सर्व्हिसच्या बिलांवरचे आकडे क्रमाने लावा. टायरच्या बाजूवर 'DOT' या अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. तीस हजार चाललेल्या गाडीला तिसरा टायर सेट कशाला लागला, हा प्रश्न मग आपोआप उभा राहतो.

पाण्यात बुडालेली गाडी

या भागावर मी हट्टाने वेळ घालवतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर मुंबईच्या किती गाड्या धुऊन-पुसून बाहेरच्या गावांत विकल्या गेल्या. २०१५ला चेन्नई, २०१९ला सांगली-कोल्हापूर, २०२१ला चिपळूण-महाड, आणि २०२४च्या जुलैत इथे सिंहगड रस्त्यावर सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पाणी गेलेल्या इंजिनचा दावा सहसा बसत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर वेगळं घ्यावं लागतं. ज्यांच्याकडे ते नसतं ते स्वस्तात इंजिन साफ करून घेतात आणि गाडी विकून टाकतात.

लक्झरी गाडीत हे जास्त घातक, कारण तिची कंट्रोल युनिटं (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) आणि वायरिंगचे जोड सीटखाली, कार्पेटखाली, डिकीच्या तळाशी असतात. काही मॉडेलमध्ये बॅटरीसुद्धा पुढच्या सीटखाली. आज चालणारी गाडी आठ महिन्यांनी जोड गंजल्यावर रोज नवा दिवा लावते.

तपासायचं असं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा आणि तळाचा भाग उजेडात बघा, तिथे गढूळ रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट बघा. डिकीतलं आवरण उचलून स्पेअर व्हीलचा खड्डा बघा. दाराच्या चौकटीचं रबर थोडं सोडवून बोट फिरवा, बारीक सुकलेला गाळ लागला तर तिथूनच घरी या. फक्त एका बाजूचं कार्पेट ओलं आणि गाळ कुठेच नाही, असं असेल तर बहुतेक सनरूफच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबल्यात. ते दुरुस्त होतं, आणि त्यावर भाव पाडता येतो.

आणखी एक जागा म्हणजे विम्याची पॉलिसी. तिच्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सूट, छापलेला असतो. पाच वर्षं दावा नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. पहिल्याच मालकाकडे सात वर्षं असलेल्या गाडीवर बोनस शून्य दिसला तर गेल्या वर्षी दावा झालाय किंवा पॉलिसी नव्वद दिवसांहून जास्त बंद पडली होती. दोन्हींचं उत्तर मागा. डीलरचं "किरकोळ स्क्रॅच होता" हे उत्तर पुरेसं नाही, दाव्याचं बिल दाखवा म्हणा.

गाडी थंड असतानाच जा

विकणाऱ्याला आधी फोन करून सांगा, मी येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. चेनचा खडखडाट थंड इंजिनला पहिल्या दोन-तीन सेकंदांत येतो आणि ऑइलचा दाब आला की गायब होतो. मागे सायलेन्सरच्या नळीजवळ एकाला उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय.

किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा आधी लागला पाहिजे आणि मग विझला पाहिजे. लागलाच नाही तर बहुधा कुणीतरी तो मुद्दाम बंद केलाय.

एअर सस्पेन्शन असेल तर संध्याकाळी टायर आणि फेंडरमधलं अंतर मोजून ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. एक कोपरा बसला असेल तर हवा गळतेय. ती भरून काढताना कॉम्प्रेसर सारखा चालतो आणि शेवटी तोही जळतो, म्हणजे खर्च दोन.

चालवताना सपाट रिकाम्या रस्त्यावर नेऊ देऊ नका. आम्ही कात्रजचा जुना घाट घेतो, तुम्ही तुमच्याकडचा चढ घ्या. तास-अर्धा तास चालवून गिअरबॉक्स गरम झाल्यावर ट्रॅफिकमध्ये सावकाश पुढे-थांब करा, डी मधून आर मध्ये टाका. झटका आला, किंवा गिअर पडायला क्षणभर उशीर झाला, तर लिहून ठेवा. "गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभर बदलायचं नसतं" हे वाक्य खूप ऐकाल. ८-स्पीड गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला ऑइल बदला म्हणते. तिथे फिल्टर आणि प्लास्टिकचा पॅन (तळाचं ऑइलचं भांडं) एकच भाग आहे, त्यामुळे ऑइलबरोबर तो पूर्ण बदलावा लागतो आणि खर्च वाढतो. म्हणूनच मागचे मालक ते टाळतात.

मग गाडी लिफ्टवर आणि स्कॅनरवर. हजार-दीड हजारांचं ब्लूटूथवालं यंत्र इथे कामाचं नाही. मर्सिडीजला झेंट्री, बीएमडब्ल्यूला इस्टा, ऑडीला ओडिस किंवा व्हीसीडीएस असलेलं गॅरेज शोधा, म्हणजे सगळी युनिटं वाचता येतात. स्कॅनरवर बिघाडाचा एकही कोड नसणं ही चांगली बातमी असेलच असं नाही. कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या चाचण्या, म्हणजे रेडिनेस मॉनिटर, अपूर्ण दिसतात आणि काही अंतर चालल्यावरच पूर्ण होतात. सगळे अपूर्ण असतील तर बहुधा नुकतंच कुणीतरी पुसून ठेवलंय. एप्रिल २०२०नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफची (धुरातली काजळी गाळणाऱ्या फिल्टरची) राख किती साठलीय तेही वाचा, विशेषतः गाडी फक्त शहरातच फिरली असेल तर.

विकणारा तपासणीला नाही म्हणाला तर बोलणं तिथेच संपवा. टोकनही तपासणीआधी देऊ नका. माझ्याकडे एक बाई पन्नास हजार टोकन देऊन मग गाडी दाखवायला आल्या. दाराच्या खांबापासून छपरापर्यंत पुट्टी निघाली, म्हणजे दबलेला पत्रा भरून रंगवलेला, आणि ते पैसे परत मिळवण्यात त्यांचे काही महिने गेले.

कागद

दिल्ली पासिंगच्या डिझेल गाड्या स्वस्त का, याचं कारण २०१५चा हरित लवादाचा आणि २०१८चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. तिथे दहा वर्षांवरची डिझेल गाडी चालवायला बंदी आली आणि गाड्या बाहेर निघाल्या. घ्यायला हरकत नाही, पण दुसऱ्या राज्यात न्यायची एनओसी (ना-हरकत, फॉर्म २८), इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर हे सगळं किमतीत धरा. आरटीओत किंवा चांगल्या एजंटकडून टॅक्सचा आकडा आधी काढून घ्या, मग भाव करा.

सरकारच्या वाहन पोर्टलवर कितवा मालक, कर्जाचा बोजा, विमा, सगळं दिसतं. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. ई-चलनं बाकी असतील तर ती विकणाऱ्याने भरावीत. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या तुमच्यासमोर व्हाव्यात. भाव करताना हेही ध्यानात ठेवा, २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी ४० टक्क्यांवर उतरला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. त्याआधीच्या नव्या किमतीवरून कुणी जुनीचा भाव सांगत असेल तर तो मानू नका.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, ब्रेक फ्लुइड आणि कूलंट नवीन करा. ऑइलच्या डब्यावर कंपनीची मान्यता छापलेली हवी. मर्सिडीज डिझेलला २२९.५१, बीएमडब्ल्यूला लाँगलाइफ-०४, ऑडीला ५०४ ००/५०७ ००, पण तुमच्या इंजिनला नेमकं कोणतं ते पुस्तिकेत पडताळून घ्या. स्क्रीन काहीही सांगो, पुढचं ऑइल दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाने. बॅटरी बदलली तर बीएमडब्ल्यूत ती गाडीला कोड करून सांगावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशेबाने होत राहतं आणि नवी लवकर जाते. जूनच्या आत सनरूफच्या नळ्या मोकळ्या करून घ्या.